दुसऱ्या बुधवारची बोट

आश्लेषा माझी सगळ्यात जवळची मैत्रीण आहे आणि तिचं काही चांगलं झालं की माझ्या पोटात दुखतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिली सगळ्या फ्रीमाँटला माहीत आहे. दुसरी फक्त मला माहीत होती, गेल्या ऑक्टोबरपर्यंत.

आम्ही दोघी पुण्यात एकाच सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला होतो. मी सीनियर, ती माझ्या हाताखाली. लग्नं करून चार महिन्यांच्या अंतरानं इथे आलो, एकाच अपार्टमेंटमध्ये वर-खाली राहिलो आणि पहिलं वर्षभर दोघींत मिळून एकच प्रेशर कुकर वापरला. कुकर माझा होता. मग तिच्या नवऱ्याच्या, परीक्षितच्या, कंपनीनं त्याची फाइल कुठल्याशा वेगळ्या कॅटेगरीत टाकली. तीन वर्षांत ग्रीन कार्ड, आणि मागच्या वर्षी अमेरिकेचा निळा पासपोर्ट. माझ्या नवऱ्याची, विनयची, फाइल दोन हजार तेरापासून रांगेत उभी आहे. आमच्या पासपोर्टांवरचे व्हिसाचे शिक्के केव्हाच संपले. इथे राहायला त्याची अडचण नाही. पण देशाबाहेर पाऊल टाकलं की आधी भारतात जाऊन नवा शिक्का घ्यायचा, तारीख मिळेल तेव्हा. विनयच्या टीममधला एक जण बहिणीच्या लग्नाला नागपूरला गेला आणि पाच महिने तिथेच अडकला. तेव्हापासून विनय एअरपोर्टवर जातो तो फक्त लोकांना सोडायला.

सात वर्षांत मी कुठेही गेलेले नाही. म्हणजे शरीरानं.

लॉकडाऊनमध्ये माझ्या मुलाच्या, ईशानच्या, शाळेच्या प्रोजेक्टसाठी बोटींचे व्हिडिओ शोधताना मला कागेउरा सापडलं. जपानच्या आतल्या समुद्रात एक लहानसं बेट आहे, त्यावरचं हे बंदर. तिथल्या मच्छीमार सोसायटीनं लाटांचा अंदाज घ्यायला धक्क्यावर एक कॅमेरा लावलाय. चोवीस तास चित्र, आवाज नाही. चित्रात धक्का, वेटिंग रूमचा दरवाजा, एक कोल्ड्रिंकचं मशीन, बर्फाच्या कारखान्याची भिंत, तिला लागून निळ्या दाराचं एक घर, आणि पुढे समुद्र. बस. दिवसातून तीनदा बोट येते, थांबते, जाते. माझ्या दुपारी तिथे सकाळ होते. ईशान शाळेतून यायच्या वेळी मी चहा घेऊन बसायचे आणि बघायचे.

सहा वर्षं बघितल्यावर माणसं ओळखीची होतात. वेटिंग रूम उघडणाऱ्या आजी आहेत, कमरेला चाव्यांचा जुडगा. बाकांवरच्या उशा उन्हात टाकतात, संध्याकाळी मोजून आत नेतात. त्यांना मी मालिनीबाई म्हणते. पांढऱ्या गमबुटातले, बोटीचा दोर पकडणारे, ते उल्हासराव. उल्हासरावांच्या मागेमागे एक लंगडी मांजर. मालिनीबाई एकदा वीस दिवस दिसल्या नाहीत, तेव्हा मला जेवण गोड लागत नव्हतं. विनयला सांगितलं तर तो म्हणाला, "नीलू, तू बरी आहेस ना?" तेव्हापासून त्याला सांगणं बंद केलं.

शिक्का मिळाला की पहिली कागेउराला जाणार होते. त्यासाठी एक शीट केली होती. एकसष्ट ओळी. बोटी कधी, कुठल्या सणाला काय बंद, वेटिंग रूमच्या मागे पिण्याच्या पाण्याचा नळ, निळ्या दाराच्या घरात दोन खोल्या भाड्यानं मिळतात, शाकाहारी असल्याचं आदल्या दिवशी कळवावं लागतं. सगळं त्यांच्या वेबसाइटवरून, मशीनकडून भाषांतर करून घेत, एकेक वाक्य. टेस्टिंगचं काम गेलं तरी सवय गेली नव्हती. माझं वर्क परमिट कधी असतं, कधी रिन्यूअलमध्ये लटकतं. शीट मात्र अपडेटेड असते.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका शनिवारी आश्लेषा आली. हातात डबा. तिची आई, लता काकू, सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांनी केलेल्या अळूवड्या.

"नीलू, आईला सोडायला नाशिकला चाललेय," ती सोफ्यावर पाय घेऊन बसत म्हणाली. "म्हटलं, वाटेत जपानला ब्रेक घेऊ. पाच दिवस. आणि ऐक, तुझं ते गाव आहे ना, काय ते... कागे..."

"कागेउरा."

"हां, तेच. पुढच्या आठवड्यात बुधवारी आम्ही जवळच्या शहरात आहोत. आई हॉटेलात आराम करेल, मी सकाळच्या बोटीनं एकटीच जाऊन दुपारच्या बोटीनं परत. तुझी शीट शेअर कर ना यार. तू तर काय सध्या जाऊ शकत नाहीस."

शेवटचं वाक्य ती कुत्सितपणे बोलली नाही. ती कधीच कुत्सितपणे बोलत नाही, हीच तर पंचाईत आहे. ती बोलली ते घरात पडून असलेली जादा छत्री मागावी तसं. मी तोंडभर हसले आणि म्हणाले, "अगं, अवश्य. लगेच पाठवते."

चहा झाला, गप्पा झाल्या. ती चारला गेली. मी लॅपटॉप उघडून बसले.

माझं काय होत होतं ते नीट सांगते. आश्लेषा युरोपला गेली तेव्हा मी जळले नव्हते असं नाही, पण युरोप काही माझा नव्हता. कागेउरा माझं होतं. सहा वर्षं मी त्या मांजरीला वाढताना पाहिलं होतं. आणि ही बाई नाशिकच्या वाटेवर, दोन बोटींमध्ये साडेतीन तास आहेत म्हणून तिथे पाय ठेवणार, चार फोटो काढणार, ग्रुपवर टाकणार, आणि त्या दिवसापासून कागेउरा हे आश्लेषा गेली होती ते गाव होणार.

शीटमधली अठ्ठेचाळिसावी ओळ मी लाल केली होती. 'दर महिन्याचा दुसरा बुधवार: सकाळची बोट प्रवासी उतरवून तपासणीला दुसऱ्या बंदरात जाते. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बोट नाही. टाळणे.'

कॅलेंडर बघितलं. तो दुसराच बुधवार होता.

मी ती ओळ उडवली. मग शीट शेअर केली. सोबत लिहिलं, 'एन्जॉय कर गं, माझ्या वतीनंसुद्धा.'

तिचं काही वाईट व्हावं असं मला वाटत नव्हतं. एक दिवस फसावी, कंटाळावी, वैतागावी, आणि आल्यावर म्हणावी, काय गं ते तुझं गाव, काहीच नाही तिथे. एवढंच हवं होतं. तिला ते आवडू नये.

सोमवारी जपानहून तिचा मेसेज आला: 'आईपण येते म्हणतेय कागेउराला. नीलांबरीचं गाव बघायचंय म्हणाली.'

आता लता काकू एकाहत्तर वर्षांच्या. माझ्या बाळंतपणात आईला व्हिसा मिळाला नाही तेव्हा त्या नेमक्या इथे होत्या; वरच्या मजल्यावरून रोज डिंकाचा लाडू आणि तूप-भात घेऊन खाली यायच्या. मी टाइप केलं, 'आशू, एक मिनिट, बुधवारी बोटीचं...' आणि खोडलं. आता सांगायचं तर ओळ का नव्हती हेही सांगावं लागणार. मी अंगठ्याचं चित्र पाठवलं.

मंगळवारी दुपारी चारला, म्हणजे तिथे बुधवारी सकाळी आठला, मी चहा न घेताच स्क्रीनसमोर होते. बोट वेळेवर आली. उल्हासरावांनी दोर घेतला. आधी एक टपाल घेऊन येणारा माणूस उतरला, मग मोहरीच्या रंगाच्या जॅकेटमध्ये आश्लेषा, तिचा हात धरून लता काकू. नऊवारी असती तरी कमी उठून दिसल्या असत्या. पाचवारी, वर परीक्षितचा ग्रे स्वेटर, पायात स्पोर्ट शूज.

दोघी कॅमेरा शोधत होत्या. सापडला. हात हलवले. माझाही हात आपोआप वर गेला, मग मी तो खाली घेतला.

मालिनीबाई बाहेर आल्या. कमरेतून वाकल्या. काकूंनी नमस्कार केला. मालिनीबाईंनी आत जाऊन एक उशी आणली आणि बाकावर ठेवली, काकूंसाठी. उन्हात तापवलेली उशी. मग मांजर आली. लंगडत लंगडत थेट आश्लेषाकडे गेली आणि तिच्या बुटाला अंग घासलं. तिनं खाली बसून तिला उचललं. मी सहा वर्षं ज्या मांजरीकडे बघत होते ती पाच मिनिटांत हिच्या मांडीवर. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की मी खुर्चीवरून उठून किचनमध्ये जाऊन उगीचच ओटा पुसला.

परत आले तेव्हा मालिनीबाई भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होत्या. परतपरत सांगत होत्या. आश्लेषा हसून मान हलवत होती, आपण भाषा न कळल्यावर हलवतो तशी. तिला कळलं नाही. मला कळलं. बोट अजून धक्क्याला होती. पंधरा मिनिटं ती धक्क्याला असते. फोन माझ्या हातात होता, आणि मी त्याच्याकडे असं बघत बसले जणू तो तिकडूनच वाजायला हवा.

सव्वाआठला बोट सुटली. आश्लेषानं तिचा फोटो काढला.

विनय साडेसहाला आला. मी भात लावला, आमटी केली. ईशान जेवायला बसला. लॅपटॉप ओट्यावर उघडाच होता. सात चाळीसला फोन वाजला.

"नीलू, बोट दिसत नाहीये यार. अकरा चाळीसची आहे ना? कुणीच नाहीये धक्क्यावर. ती काउंटरवाली काकू सारखी हाताची फुली करून दाखवतेय."

स्क्रीनवर मला दिसत होतं. मालिनीबाई दोन्ही हात छातीसमोर आडवे धरून उभ्या होत्या. पुन्हा पुन्हा.

"बोट नाही," मी म्हणाले. "आज नाही. उद्या सकाळी आहे."

"काय? शीटमध्ये तर..."

"हो."

"नीलू, आईच्या बीपीच्या गोळ्या हॉटेलात आहेत. आम्ही फक्त पर्स घेऊन आलोय. आता काय करू?"

तिचा आवाज मी सतरा वर्षं ओळखते. पुण्यात रिलीज फसला की ती अशीच बोलायची, भराभर, एकाच श्वासात, आणि माझ्या टेबलाशी येऊन उभी राहायची. काकू बाकावर बसल्या होत्या, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. त्यांनी मान खाली घातली होती. ही मी केलेली गोष्ट होती. माझ्या हातानं, माझ्या घरात, माझ्या किचनच्या शेजारच्या टेबलावर बसून.

"आशू, ऐक," मी म्हणाले. "घाबरू नकोस. आता तुझ्या उजव्या हाताला बर्फाचा कारखाना आहे. त्याला लागून निळ्या दाराचं घर. तिथे खोल्या मिळतात. मी तुला जपानीत मेसेज पाठवते, तो त्या आजींना दाखव. आणि तिथे दवाखाना आहे, टेकडीवर जाणाऱ्या रस्त्यावर. बुधवारी दोनपर्यंत उघडा असतो. नर्स असते."

"तुला हे सगळं..."

"शीटमध्ये आहे. ओळ तेहेतीस. थांब, मेसेज पाठवते."

मी मशीनकडून जपानी करून घेतलं. 'या दोघी माझ्या घरच्या आहेत. बोटीचं मी त्यांना सांगितलं नाही, चूक माझी आहे. कृपया आज राहायला खोली द्या. मोठ्या बाईंना रक्तदाबाची गोळी लागते. त्या मांस-मासे खात नाहीत.' मशीनला मी खरं सांगितलं. ते सोपं होतं, कारण आश्लेषाला जपानी येत नाही.

मालिनीबाईंनी फोन डोळ्यांजवळ धरून वाचलं. आश्लेषाला काहीतरी विचारलं. आश्लेषानं हात उचलून कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे, ती तिथे आहे.

मालिनीबाई वळल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी थेट माझ्याकडे बघितलं. चष्मा सारखा केला, हात मांडीवर ठेवले आणि खोल वाकल्या. किती तरी वेळ वाकून राहिल्या.

हे मी किती वेळा मनात आणलं होतं. मी बोटीवरून उतरतेय, त्या मला बघतायत, त्या वाकतायत. आता त्या वाकल्या आणि मला टेबलाखाली जाऊन बसावंसं वाटलं.

"मॉम, हू इज शी?" ईशाननं मागून विचारलं.

"जेव तू," मी म्हणाले.

निळं दार उघडलं. दोघी आत गेल्या. अर्ध्या तासानं मेसेज आला: नर्सनं बीपी बघितलं, आईपेक्षा माझंच जास्त आहे, गोळी दिलीय, सगळं ओके. मी भांडी घासली. विनयनं विचारलं, काय झालं होतं, मी म्हणाले, बोट चुकली. त्यालाही खोटं वाटावं असं त्यात काही नव्हतं.

बुधवारी सकाळी उठले तर फोनवर चौतीस फोटो. कालचा सगळा दिवस. टोफू, लोणचं, वाफाळता भात, काकू चॉपस्टिकनं भात खायचा प्रयत्न करतायत आणि मालिनीबाई तोंडावर हात ठेवून हसतायत. त्या घराच्या मालकीणही मालिनीबाईच निघाल्या. मग एक फोटो धक्क्यावर उभं राहून गावाकडे तोंड करून काढलेला. कॅमेऱ्याचा खांब मध्ये, आणि त्याच्या मागे सबंध टेकडी. टेकडीभर संत्र्यांची झाडं. पायऱ्यापायऱ्यांनी वरपर्यंत, फळांनी लगडलेली.

मला माहीत नव्हतं. एकसष्ट ओळी लिहिल्या, आणि कॅमेऱ्याच्या पाठीमागे काय आहे ते मला माहीत नव्हतं. कॅमेरा समुद्राकडे बघतो. माझी दवाखान्याची ओळ म्हणते 'टेकडीवर जाणारा रस्ता', पण टेकडीवर काय, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

तो फोटो बघून जे वाटलं ते लिहायला लाज वाटते. आदल्या दिवशी एका म्हाताऱ्या बाईला मी बेटावर अडकवलं होतं, ती सुखरूप आहे हे वाचून मला हायसं वाटलं होतं, तरीही संत्री बघितल्याबरोबर पोटात तेच जुनं दुखणं उठलं. आश्लेषाला साडेतीन तास मिळणार होते. मी तिला अख्खा दिवस दिला होता. अख्खा दिवस आणि एक सकाळ. मी उडवलेल्या ओळीनं.

शेवटच्या फोटोखाली तिनं लिहिलं होतं: 'खोलीच्या खिडकीतून जे दिसतंय ते फोटोत येतच नाही. फोनवर सांगते सगळं.' त्यानंतर काही नव्हतं.

दुपारी साडेतीनला मी बसले. चहा केला होता, घेतला नाही. पावणेचारला निळं दार उघडलं. मालिनीबाईंनी काकूंचा हात धरला होता. धक्क्यावर आल्यावर काकूंनी फोन कानाला लावला आणि माझा फोन वाजला.

"नीलांबरी, बाळा, कशी आहेस?"

"मी ठीक आहे काकू. तुमची तब्येत?"

"अगं, मला काय झालंय. इतकी शांत झोप मला सहा महिन्यांत लागली नव्हती. फ्रीमाँटला तो फ्रीवेचा आवाज. आणि सकाळी ह्या बाईंनी मला बागेत नेलं, संत्री तोडायला लावली. भाषा येत नाही, पण दोघी सासवांच्याच वयाच्या, बोलायला काय लागतं." त्या हसल्या. "तुझं माहेर बघून आले बघ. आश्लेषाला मी म्हटलं, नीलांबरीनं बोटीचं मुद्दामच सांगितलं नसणार. सांगितलं असतं तर आपण दुपारी पळालो असतो. हो ना?"

स्क्रीनवर त्या कॅमेऱ्याकडे बघत होत्या. आश्लेषा त्यांच्या मागे पाच पावलांवर, पाठमोरी.

मी खरं सांगू शकले असते. जपानीत सांगितलंच होतं.

"हो काकू," मी म्हणाले. "म्हटलं, तुम्ही राहावं एक दिवस."

"गुणाची गं माझी पोर. थांब, आश्लेषाला देते."

आश्लेषानं फोन घेतला आणि चालत धक्क्याच्या टोकाला गेली. कॅमेऱ्यात ती लहान झाली.

"नीलू."

"बोल ना. खिडकीतून काय दिसतं ते सांगणार होतीस."

"काल जेवणानंतर वेळच वेळ होता," ती म्हणाली. "म्हटलं, नीलूसाठी शीटमध्ये एक ओळ टाकू. खिडकीबद्दल. तू तिथे येशील तेव्हा तुला तीच खोली मिळावी म्हणून. शीट उघडली तर ओळींचा हिशेब जुळेना. तू तेहेतीस म्हणालीस ती तेहेतीसच होती, पण शेवटी तू 'एकूण एकसष्ट' लिहिलंयस आणि ओळी मोजल्या तर साठच."

मी चहाचा कप बाजूला सरकवला.

"कुणी काय कधी बदललं ते आधी बघायचं. हे तूच शिकवलंस मला. पहिल्या आठवड्यात." तिचा आवाज चढला नव्हता. "व्हर्जन हिस्टरी बघितली. शनिवार, चार वाजून बारा मिनिटं. मी तुझ्याकडून चारला निघाले होते. माझी गाडी अजून तुमच्या सिग्नलच्याही पलीकडे गेली नसेल."

"आशू..."

"लाल ओळ होती ती. 'टाळणे' लिहिलं होतं."

"मला काही वाईट करायचं नव्हतं."

"मग काय करायचं होतं?"

मी सतरा वर्षांत तिला कितीतरी गोष्टी सांगितल्या नव्हत्या. ही तोंडातून गेलीच. "तुला ते गाव आवडू नये, एवढंच वाटत होतं मला."

तिच्यापलीकडे समुद्रात बोट दिसायला लागली होती, ठिपक्याएवढी.

"आवडलं," ती म्हणाली. "खूप आवडलं. आणि खिडकी उघडली तेव्हा पहिलं मनात आलं की नीलूला हे कसं सांगायचं. शब्द जुळवत बसले होते. आता नाही सांगणार. आणि मी जातेय म्हटलं तेव्हा नाही सांगितलंस ते सोड, पण आईचं कळवल्यावर? तेव्हासुद्धा नाही?"

"नाही."

"आईला मी काही बोललेले नाही. बोलणारही नाही. तिला तू आवडतेस." मग ती म्हणाली, "ठेवते," आणि ठेवला.

चित्राला आवाज नसतोच, त्यामुळे काही बदललं नाही. तिनं फोन खिशात टाकला. बोट धक्क्याला लागली. उल्हासरावांनी दोर घेतला. आश्लेषानं आईची पिशवी उचलली. पिशवीत संत्री असावीत, जड होती. ती बोटीत चढली आणि आईला चढवायला तिनं हात पुढे केला.

काकूंनी तो लगेच धरला नाही. त्या आधी कॅमेऱ्याकडे वळल्या. ग्रे स्वेटरच्या बाह्या मागे सारल्या आणि दोन्ही हात जोडून नमस्कार केला, देवळातून निघताना करतात तसा, डोळे मिटून. त्यांचं बघून मालिनीबाईही शेजारी येऊन वाकल्या. मी हात जोडले नाहीत. जोडवले नाहीत.

बोट सुटली. आश्लेषा मागच्या कठड्याशी उभी होती, गावाकडे तोंड करून. म्हणजे माझ्याकडे तोंड करून. मी स्क्रीनच्या इतकी जवळ गेले की माझ्या श्वासानं ती धुरकट झाली. मला वाटलं, एकदा तरी बघेल.

ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. ती त्याच्या वर बघत होती, खांबाच्या मागे, जिथे संत्र्यांची टेकडी आहे आणि बहुतेक त्या खिडकीतून दिसणारं ते सगळंही. बोट वळेपर्यंत ती तिकडेच बघत राहिली.